दोन कबुलीजबाब आणि सातवा सर्व्हर

फोनवर रॉडनी फाँग ओरडत होता.

"अंबिकाताई, आत्ताच्या आत्ता या. गुन्हेगार सापडलाय."

"मग मला काय करायचंय? पोलिसांच्या हवाली कर."

"एक नाही हो, दोन सापडलेत! दोघंही छातीठोक सांगतायत, मीच केलं, एकट्यानं केलं. आणि चार वाजता आरोग्य मंत्रालयाची माणसं येतायत. त्यांना एक नाव हवंय. एकच."

अंबिका गौंडरनं हातातली रोटी ताटात टाकली आणि गाडीची किल्ली उचलली. बेटांच्या राजधानीतल्या, सुवा पोलिसांच्या फसवणूक शाखेतून निवृत्त होऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण एका जागी बसणं काही तिला जमलं नव्हतं. नवरा म्हणायचा, इतरांच्या घरात खुर्च्या झिजतात, आमच्या घरात फरशी झिजते. उगाच नव्हता म्हणत.

वालू बे या खाडीकाठच्या गोदामांमागं, मासळीच्या बोटींच्या वासात 'वासावासा' डेटा केंद्राची पांढरी इमारत उभी होती. रॉडनी तिथला मुख्य. शाळेत तो अंबिकाच्या धाकट्या भावाचा दोस्त, म्हणून अजून 'ताई' म्हणायचा. दारातच त्यानं तिला गाठलं. शर्टाची गुंडी चुकीच्या काजात गेली होती.

"काल दुपारी बेटांची डॉक्टर-लाइन मुकी झाली," तो चालता चालता सांगू लागला. "लांबच्या बेटांवरच्या नर्सबाया हिच्यावरूनच इथल्या मोठ्या डॉक्टरांना गाठतात. वातुकालो बेटावर एक रुग्ण अडकला. नर्स लाइन लावून लावून दमली. पलीकडं शुकशुकाट! तासाभरानं लाइन आपोआप सुरू झाली. रुग्णाला आता बोटीनं आणतायत. वाचतोय की नाही, देव जाणे."

"रुग्ण कोण?"

"मंत्रालय सांगत नाही. 'रुग्ण', बस्स. मला माहीत नाही, इथं कोणालाच माहीत नाही."

"आणि दोघं कबूल झालेले कोण?"

"वासिती आणि आपेनिसा." रॉडनीचा आवाज एकदम खाली आला. "माझी दोन सर्वांत चांगली माणसं. ज्याचं नाव देईन, त्याची नोकरी तर गेलीच. रुग्णाचं बरंवाईट झालं तर पोलीस केस. तुरुंग, ताई."

"लाइन बंद पडली तेव्हा दोघं कुठं होती?"

"वर, माझ्यासमोर. नवी जोडणी गिऱ्हाइकांना दाखवत होतो. सगळ्यांचे फोन मी टोपलीत जमा करून घेतो, नाहीतर कोणी ऐकतच नाही. लाइन बंद झाली तेव्हाही दोघं वर, सुरू झाली तेव्हाही वर."

"मग केलं कसं?"

"बिघाड आधी करून ठेवता येतो की! दोघंही तेच म्हणतात."

अंबिकानं हातातली किल्ली खुळखुळवली. "बिघाड आधी करून ठेवता येतो, कबूल. आणि दुरुस्ती?"

रॉडनी चुकलेली गुंडी सोडवू लागला.

"तू म्हणालास, आपोआप. माझ्या घरचा नळसुद्धा कधी आपोआप दुरुस्त झाला नाही रे."

वासिती नेटवर्क सांभाळायची. तिशीची, चणीनं लहान, कानामागं पांढरं फूल. डोळे रडून सुजलेले, पण मान ताठ.

"मी सातव्या सर्व्हरची हाक बंद केली," तिनं बसायच्या आधीच सांगून टाकलं. "चुकून. लिहून घ्या, मी सही करते."

"सही नंतर. आधी मला समजेल असं सांग. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

वासितीनं श्वास घेतला. "आत सात लोखंडी सर्व्हर आहेत. एकेकाच्या पोटात पुष्कळ आभासी मशीनं राहतात, चाळीत बिऱ्हाडं राहतात तशी. डॉक्टर-लाइन हे त्यातलंच एक बिऱ्हाड. कुठलं बिऱ्हाड कुठल्या सर्व्हरात राहील, ते... ते दुसरी टीम बघते."

"आपेनिसाची."

तिनं नुसती मान हलवली. "कोणी कोणाशी बोलायचं, कोणाचं दार उघडं, कोणाचं बंद, हे मी बघते. पूर्वी बिऱ्हाड हललं की मला निरोप यायचा, मग मी नव्या जागी दार उघडायचे. आता माझा कंट्रोलर आणि त्यांची व्यवस्था थेट जोडलीय. बिऱ्हाड हललं की दार आपलं आपण उघडतं."

"झकास. मग ही हाक काय भानगड आहे?"

"सर्व्हर आणि तारा जोडणारा स्विच एकमेकांना सारखी हाक मारतात. मी अमका, या तारेच्या टोकाला आहे. त्यावरूनच कंट्रोलरला कळतं, कुठल्या तारेवरचं दार उघडायचं. हाक नाही, तर दार नाही. आत मशीन ठणठणीत, दिवे हिरवे, पण मुकं. याच्यासाठीच आम्ही मधले जुने डबे काढून टाकले. ते बाकी सगळं इकडचं तिकडं पोचवतात, पण हाक गिळतात."

"बरं. तू हाक बंद केलीस. परत चालू कधी केलीस?"

वासितीनं कानामागचं फूल नीट केलं.

"वर बैठकीत बसून, फोन टोपलीत ठेवून?"

"मला आठवत नाही."

"आपेनिसा म्हणतो, त्यानं केलं."

"खोटं!" वासिती ताडकन उठली. "त्याला शक्यच नाही. त्या बाजूला हाकेची कळ एकच आहे, सातही सर्व्हरांची मिळून. बंद केली तर सातही मुके व्हायला हवेत. झाला फक्त सातवा! त्याचा काही दोष नाही, मॅडम. त्याला सोडा."

ती भावासाठी भांडत होती, आणि भांडताना स्वतःकडं तिचं लक्षच नव्हतं.

ही दोघं चुलत भावंडं. बाप सख्खे भाऊ, गाव एक. त्यांच्याकडं अशा भावा-बहिणीचं नातं तांबूचं, म्हणजे वयात आल्यावर एकमेकांशी थेट बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, एका बाकावर बसायचं नाही. राग नाही, रुसवा नाही, हा मान. आणि भावावर संकट आलं तर बहिणीनं पुढं व्हायचं, बहिणीवर आलं तर भावानं. सुव्यात राहून पुष्कळांनी हे सैल सोडलं होतं. या दोघांनी नव्हतं सोडलं.

आपेनिसा खुर्चीत मावत नव्हता. रग्बीचे खांदे, आणि चेहरा मात्र मार खाल्लेल्या पोरासारखा.

"सातव्याची हाक मी बंद केली. चुकून."

"काय योगायोग! शब्दसुद्धा तेच." अंबिका खिडकीपाशी गेली, परत आली. "तुझी बहीण म्हणते, तिनं केली."

"तिनं?" तो हसायला गेला, ते जमलं नाही. "तिच्या बाजूनं ते होतच नाही. सर्व्हरांच्या सगळ्या तारांना तिनं एकच नियम लावलाय. मोडला तर सगळ्यांचा मोडेल, एकट्या सातव्याचा कसा मोडेल? ती इतकी काटेकोर आहे की... नाही, मॅडम. तिचं नाव यात आणूच नका."

अंबिका मनातल्या मनात हसली. एकानं दुसऱ्याला सोडवलं, दुसऱ्यानं पहिल्याला. दोघंही खरं बोलत होती, फक्त स्वतःबद्दल सोडून.

"तुला कसं कळलं, की मुद्दा हाकेचाच होता?"

आपेनिसानं बुटाकडं पाहिलं. "कळलं."

"कोणी सांगितलं?"

"मी शब्द दिलाय, मॅडम."

"बरं, राहू दे. डॉक्टर-लाइन आत्ता कुठल्या सर्व्हरात आहे?"

"सातव्यातच."

"आणि बोलतेय?"

"पोपटासारखी."

अंबिका थांबली. "परत दुसरीकडं नाही हलवली?"

"नाही. कालपासून तिथंच आहे. दुपारी पहिल्या सर्व्हरवर भार वाढला, व्यवस्थेनं हिला उचलून सातव्यात ठेवलं. सकाळी तिथं चाचणीचं एक फालतू मशीन होतं फक्त."

"तुला न विचारता ठेवलं?"

"विचारायचं काय? हेच तर नवं आहे. पण लोकांना सांगून पटत नाही. म्हणतात, कोणी सांगितल्याशिवाय काही हलतं होय!"

आतल्या दालनात थंडी मरणाची. रॉडनीनं तिच्या खांद्यावर स्वतःचं जाकीट टाकलं आणि सातव्या सर्व्हरकडं बोट दाखवलं. हिरवे दिवे शांतपणे लुकलुकत होते. सहा सर्व्हरांच्या तारा काळ्या पट्ट्यांनी करकचून बांधलेल्या. सातव्याच्या दोन्ही तारा मोकळ्या लोंबत होत्या.

"वासितीला बोलाव."

वासिती आली, आणि इतक्या दुःखातही तिचा पारा चढला. "हे कोणी केलं? माझ्या रांगेत लोंबती तार? मी मेले तरी अशी ठेवणार नाही!"

"आपेनिसा ठेवेल?"

"तो तारांना हातच लावत नाही," ती म्हणाली, आणि पट्टी शोधायला लागली.

"बांधू नकोस. राहू दे तशीच."

कोठीच्या खोलीत इलाइतिया होता. साठीला टेकलेला, गोल पोटाचा, फुलाफुलांच्या शर्टातला. हुद्दा 'समन्वय अधिकारी', पण केंद्रात त्याला हुद्द्यानं कोणी ओळखत नसे. सगळ्यांचा तो मोमो, म्हणजे मामा. दोन टीमांमधले निरोप नेणं-आणणं हेच त्याचं काम, आणि ही दोन भावंडं टीमांची प्रमुख झाल्यापासून तर त्याच्यावाचून पान हलत नव्हतं.

"बुला, मरामा!" त्यानं बाईसाहेबांना नमस्कार केला. "बसा, बसा. पोलीस उभे राहिले की मला कबूल व्हावंसं वाटतं."

"हो की! दोन कबूल झालेच आहेत, तिसरा तू हो."

मोमो खळखळून हसला. त्यानं उकडलेल्या कसाव्याची बशी पुढं सरकवली. "माझी पोरं आहेत हो ती. चूक कोणाकडून होत नाही? मंत्रालयाला सांगा, यंत्र बिघडलं. यंत्राला कुठं तुरुंगात टाकतात?"

"नवी जोडणी झाल्यावर तू काय करणार, मोमो?"

"मी?" त्यानं पोटावरून हात फिरवला. "यंत्रं यंत्रांशी बोलणार. मोमो गावी जाऊन नारळ सोलणार. साहेबानं सांगितलंय, या वर्षाअखेर." तो हसतच होता, पण हात पोटावर थांबला होता. "तीस वर्षं निरोप नेले, मरामा. एकदा चुकला नाही. आता म्हणे, मधलं माणूसच नको."

भिंतीच्या फळीवर जुने डबे मांडले होते, भंगारात जायचे. झरोक्यातून येणाऱ्या समुद्राच्या हवेनं त्यांच्यावर खारट, चिकट पुटं चढली होती. अंबिकानं फळीवरून नजर फिरवली. एका डब्याचा दर्शनी भाग स्वच्छ होता.

"हा कोणी पुसला?"

"मीच पुसला असेल. हात स्वस्थ बसत नाहीत."

"मग बाकीचे का नाही पुसलेस?"

"म्हातारा झालो, दमतो."

अंबिका दाराकडं वळली. मागून मोमोनं हाक मारली. आवाजातला खोडकरपणा गेला होता.

"मरामा... त्या गरोदर बाईची काही खबर?"

"नाही अजून," अंबिका म्हणाली आणि बाहेर पडली. जिन्यात आल्यावर तिच्या लक्षात आलं, की हातातली किल्ली तिनं इतकी घट्ट धरली होती की तळव्यावर वळ उठला होता.

वातुकालोची नर्स केलेरा रुग्णाबरोबर बोटीवर होती. बोटीवरचा फोन लागायला वेळ गेला. लागला तेव्हा इंजिनाच्या घरघरीत शब्द तुटत होते.

"लाइन लागेना, मग काय केलंस, केलेरा?"

"टेकडीवर पळाले, मोबाइलला तिथंच रेंज येते. इस्पितळाच्या नेहमीच्या नंबरावर फोन केला. त्यांनी थांबा म्हणून गाणी लावून दिली! इकडं रक्त थांबेना आणि तिकडं गाणी!"

"मग?"

"मग आणखी एक फोन केला. त्यानंतर खाली येतेय तोवर लाइन सुरू झाली होती. डॉक्टर सांगत गेले, मी करत गेले."

"तो दुसरा फोन कोणाला केलास?"

केलेरानं नाव सांगितलं. रुग्ण कोण आणि तिचं त्या माणसाशी नातं काय, तेही सांगितलं. अंबिका ऐकता ऐकता चक्क खुर्चीत बसली. रॉडनीनं घाबरून पाणी आणलं.

"चार वाजायला किती वेळ आहे?"

"थोडाच."

"सगळ्यांना कोठीत बोलाव. आणि तुझी टोपली आज फिरवू नकोस. फोन चालू राहू देत."

सगळे जमले. वासिती एका भिंतीला, आपेनिसा समोरच्या, दोघांच्या नजरा जमिनीवर. मोमो नेहमीसारखा दोघांच्या मधोमध.

"मंत्रालयानं विचारलंय, लाइन कोणी तोडली," अंबिकानं येरझाऱ्या घालत सुरुवात केली. "मी सकाळपासून दुसराच प्रश्न विचारतेय. जोडली कोणी?"

ती फळीपाशी थांबली.

"वासिती म्हणते, आपेनिसाच्या बाजूची कळ सातही सर्व्हरांची आहे. आपेनिसा म्हणतो, वासितीचा नियम सातही सर्व्हरांचा आहे. मुका झाला एकटा सातवा. म्हणजे पडद्यावर बसून हे दोघांपैकी कोणालाच करता आलं नसतं. बरं, डॉक्टर-लाइन तिथून हलली म्हणून बोलायला लागली? नाही. ती अजून सातव्यातच आहे. त्या तासाभरात बदललं ते सातव्या सर्व्हरपाशी, आणि बदललं ते हातानं. ही दोघं तर वर अडकलेली. दोन्ही तारा मोकळ्या लोंबतायत. वासिती बांधल्याशिवाय ठेवत नाही, आपेनिसा हात लावत नाही. कोणीतरी घाईघाईनं तारा काढून परत जोडल्या आणि पळाला."

तिनं फळीवरचा स्वच्छ डबा उचलून टेबलावर ठेवला. धप्प आवाज झाला.

"कालच्या बैठकीआधीच हा डबा सातव्याच्या तारांमध्ये बसवला. हा सगळं पोचवतो, फक्त हाक गिळतो. दिवे हिरवे, सगळं आलबेल. सातव्यात होतं चाचणीचं मशीन. काल गिऱ्हाइकांसमोर ते मुकं निघालं असतं, नव्या जोडणीची फजिती झाली असती, आणि साहेब म्हणाला असता, जुनंच बरं होतं. कोणाचं काही बिघडणार नव्हतं. असंच ना, मोमो?"

वासितीनं झटकन मान वर केली. आपेनिसाची मूठ वळली.

मोमो हसला. "मरामा, पुसलेल्या डब्यावरून मामाला फाशी?"

"डब्यावरून नाही. तू मला विचारलंस, त्या गरोदर बाईची काही खबर? या इमारतीत साहेबापासून सगळे 'रुग्ण' म्हणतात. साहेबाला तर वाटतंय पुरुषच आहे. ती बाई आहे आणि गरोदर आहे, हे तुला कोणी सांगितलं?"

मोमोचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यात जीव उरला नाही.

"केलेरानं टेकडीवरून दुसरा फोन तुला केला. तिच्या गावचा माणूस, लाइन राहते तिथं कामाला. तू बैठकीला गेला नव्हतास, फोन तुझ्या खिशात होता. फोन आला तेव्हा तुला कळलं, की डॉक्टर-लाइन सातव्यात जाऊन बसलीय. आपेनिसा सगळ्यांना सांगत होता, आता बिऱ्हाडं आपली आपण हलतात. तुला ते पटलंच नव्हतं. तीस वर्षं तुझ्या निरोपाशिवाय इथं काही हललं नव्हतं."

"कोणी सांगितल्याशिवाय..." मोमो पुटपुटला.

"तू धावत गेलास, डबा उपटलास, तारा जोडल्यास. लाइन वाचवलीस, हेही खरं. पण मग घाबरलास. वासितीला कानात सांगितलंस, तुझ्या भावाकडून सातव्याची हाक बंद झाली, मी पाहिलं, कोणाला बोलू नकोस. आपेनिसाला सांगितलंस, तुझ्या बहिणीकडून झाली. तुला वाटलं, दोघंही गप्प बसतील आणि प्रकरण मिटेल. मोमो, तू या पोरांना लहानपणापासून ओळखतोस! ती गप्प बसणार होती? एकमेकांसाठी फासावर चढायला निघाली! आणि एकमेकांना विचारायची सोय नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? तूच तर मधला."

मोमोनं हात टेबलावर टेकले. डब्याकडं बघत तो म्हणाला,

"त्यांना पुढं केलं नव्हतं मी. गप्प राहतील वाटलं होतं. सकाळी कळलं दोघंही कबूल झाली, तेव्हापासून सांगायला येतोय... जिन्यापर्यंत येतो आणि परत जातो." त्यानं डब्यावरून बोट फिरवलं. "तीस वर्षांत खोटा निरोप हा पहिला."

"दोन होते," वासिती म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं आणि रागही. "दोन खोटे निरोप, मोमो. रात्रभर मी भावाला मनात शिव्या घातल्या."

आपेनिसा भिंतीकडं तोंड करून उभा होता. "मॅडम," तो अंबिकाला म्हणाला, "तिला सांगा, मीही घातल्या. चुकलो."

वासिती त्याच्यापासून चार हातांवर होती. तिनं डोळे पुसले. "मॅडम, त्याला सांगा, ऐकलं मी."

"सांगते हो," अंबिका म्हणाली.

तेवढ्यात टेबलावरचा रॉडनीचा फोन वाजला. त्यानं गडबडीत स्पीकर चालू करून तो घेतला. केलेरा होती, आणि ती आनंदानं किंचाळत होती.

"सुव्याचा धक्का दिसायला लागला! मुलगा झाला, साहेब, बोटीवरच झाला! दोघंही ठीक आहेत. मोमो आहे का तिथं? त्याला सांगा, मेरेसेइनी म्हणते, माझ्या मोमोनं लाइन जोडली म्हणून आम्ही वाचलो. पोराचं नाव इलाइतिया ठेवणार आहे!"

रॉडनीनं अंबिकाकडं पाहिलं. त्याला आत्ता उमगलं. सगळ्या केंद्राचा हा मोमो, पण त्या मुलीचा सख्खा. बहिणीची एकुलती एक लेक.

मोमो दोन्ही हातांनी टेबल धरून उभा होता. "साहेब," तो हळूच म्हणाला, "तुम्ही सांगा तिला. नाहीतर वासिती, तू सांग. काहीतरी सांगा."

खाली फाटकात मंत्रालयाची गाडी शिरली, दारं वाजली.

अंबिकानं फोन उचलून त्याच्या हातात दिला. "हा निरोप मध्ये कोणी न्यायचा नाही."

मोमोनं फोन कानाला लावला.

"केलेरा, फोन तिच्या कानाला लाव... मेरे, मी बोलतोय गं. नाव ठेवायच्या आधी ऐक. लाइन जोडली मी, ते खरं. पण तोडलीही मीच होती."

पलीकडं इंजिन घरघरत होतं आणि नवं पोर रडत होतं. मेरेसेइनी काही बोलली नाही. फोनही तिनं ठेवला नाही. जिन्यावर पावलं वाजायला लागली तरी मोमो तो तसाच कानाला धरून उभा राहिला.